नवी जात

किडा म्हनलं की मला आदीच शिसारी. त्यात मढ्यावरचा किडा! आन त्यो माज्या पोटच्या पोरानं माज्याच घरात, चुलीपासनं हातभर लांब, औषिदाच्या बाटलीत घालून आनून ठिवला.

"झाकन काडू नगंस," म्हनलं, "न्हाईतर बाटलीसंगं तुला बी वड्यात फेकीन."

पोरगं हसलं. अर्जुना माजा एकुलता एक. सांगलीला कॉलेजात नोकरीला, पोरांस्नी बेडकं आन किडं चिरून दावायचं काम. एम्मेस्सी झाल्याला, आमच्या वस्तीतला पयला. रविवारी यष्टीनं कुंडलच्या फाट्यावर उतरायचा आन ततनं चालत आमच्या गावाला यायचा. यितानं आईला चार केळी आनावीत का न्हाई? पर ह्यो आदी माळावर जायचा, मेल्याल्या ढोरांत काड्या घालत बसायचा, आन मग खिशातनं किडं घिऊन घरला यायचा. खिशातनं! त्या सदऱ्याला साबन लावताना मला भरून यायचं, मायेनं न्हवं, वकारीनं.

त्या दिशी लय खुशीत हुता. हात बी धुवायचं भान न्हाई. म्हनला, "आई, मला नवी जात गावली."

हातातली भाकरी तशीच परातीत पडली. "काय गावली?"

"जात. जगात आजून कुनाला ठावं न्हाई, आशी नवी जात."

"आरं मुडद्या," म्हनलं, "हाईत त्या थोड्या झाल्या व्हय? ती सोडता सोडता तुज्या बाचा अर्दा जीव गेला, आन तू आनिक नवी हुडकून आनलीस? कुनाच्या उरावर घालनार हाईस ती?"

मग त्यानं समजावलं. किड्यामुंग्यांची जात निराळी, तिचा मानसांच्या जातीशी काय संबंद न्हाई. पुस्तकात तसंच लिवत्यात म्हनं. म्हनलं, "एवडी बुकं लिवनारी शानी मानसं, त्यास्नी दुसरा शबुद घावला न्हाई?" त्यो म्हनला, "न्हाई आई, हाच शबुद हाय." मला वाटलंच हुतं.

एवडी चिडले कशापायी, ते कळाया आमचं मागलं सांगाया पायजे. छप्पन सालाला नागपुरात लोकांनी धम्म घेतला, म्होरल्या साली आमच्या वस्तीनं घेतला. त्याच दिशी अर्जुनाच्या बानं घरातलं ढोरं वडायचं चऱ्हाट जाळलं आन सुरी वड्यात टाकली. इथनं म्होरं मेल्यालं ढोर वडायचं न्हाई, सोलायचं न्हाई, खायाचं तर नावच न्हाई. गाव खवळलं. गिरनीत दळान मिळंना, उसात काम मिळंना, दुकानदार मीठ दीना. पोरं भुकंनं रडायची. तरी वस्तीतल्या यकानं बी चऱ्हाट परत हातात घेतलं न्हाई. पुढं ऊस तोडाया मानसं कमी पडाया लागली, तवा गाव आपसूक गोड बोलाया लागलं. अर्जुनाचा बा ते गोड बोलनं ऐकाया ऱ्हायला न्हाई.

ढोरं मातूर तशीच. ज्येचं मेलं त्यो नाक दाबून कसंबसं माळावर नेऊन टाकायचा. आतलं गिधाडं आन कुत्री खायाची, वरचं कातडं उन्हानं वाळून पापड हुयाचं. त्या कातड्यात ह्यो अर्जुनाचा किडा.

"तुमी सोलत हुता तवा ह्येला खायाला कायच ऱ्हात न्हवतं," अर्जुना सांगाया लागला. "आता कातडं ढोराच्या आंगावरच ऱ्हातंय, म्हनून त्यो वाढलाय, डोळ्याला दिसाया लागलाय. तुमी काम सोडलं म्हनून मला त्यो गावला, आई."

म्हंजी आमच्या उपासाचं फळ काय, तर ही घान! मी त्वांडाला पदर लावला.

पर पोरगं चिवट. भिंग हातात दिलं आन "बघच" म्हनून मागं लागलं. पाटावर कागद हातरला आन त्यावर तीन किडं वळीनं ठिवलं. तिन्ही यकसारखी मातीची ढेकळं. काडीनं ढोसलं की पाय पोटात घिऊन मेल्याचं सोंग घ्यायची. यक तर चिरचिरला बी. माज्या आंगावर सर्रकन काटा आला.

"ह्ये दोन ह्येचे भाऊबंद," अर्जुना म्हनला. "ही जुनी, समद्यास्नी ठावं असल्याली. तिसरा माजा. सांग बघू, फरक काय?"

"तिन्ही घान."

"नीट बघ की."

बघितलं. न बघून सांगती कुनाला? समद्यांच्या पाठीवर देवी आल्यावानी फोड. पयल्याच्या फोडाफोडावर केसांचं दाट झुबकं. दुसऱ्याचं झुबकं इरळ, पर फोड यकमेकांस्नी चिकटून वरंबं झाल्यालं. अर्जुनाच्या किड्याचं फोड सुटं सुटं, आन केस म्हनून न्हाई, पार टक्कल. म्होरल्या पायाला करवतीचं दात असत्यात, त्यात बी ह्येला यक दात जादा. शी, सांगताना आता बी त्वांडात पानी सुटतंय, आन ते चांगलं पानी न्हवं.

"केस झडलं आसतील," म्हनलं. "म्हातारा झाला आसंल बिचारा."

अर्जुनाचं हसू मावळलं. "तेच म्हननार मोठी मानसं. जुनाच हाय, झिजलाय, म्हननार. कॉलेजातलं आमचं साहेब बी म्हंत्यात की एवड्यावर छापाया धाडू नगंस. नर पायजे. मला गावल्यात त्या समद्या माद्या. नराच्या पोटात त्येचं... त्येचं इंद्रिय असतं, ते परतेक जातीचं निराळं. कुलपाची किल्ली कशी, तसं. त्यावरनं पक्कं ठरतं."

"म्हंजी धोतार सोडून बघनार तू त्येचं?"

"व्हय."

"आन त्यावरनं जात ठरवनार?"

"व्हय की."

"चांगलं शिकवलं गा सरकारनं तुला!" म्हनलं, आन हात धुवाया भाईर गेले. मी हात बी लावला न्हवता, तरी धुतलं.

आता गावाला डोळं न्हाईत व्हय? माळावर शिकल्याला, विजारीतला पोरगा वाळल्या ढोरात डोकं घालून बसल्याला समद्यांनी बघितला. हिरीवर बाया बोलाया लागल्या. यक म्हनली, "सुंभ जळला पर पीळ काय जळंना गं बाई." मी घागर ततंच आदळली आन तिची सात पिढ्यांची पूजा बांदली. पर त्वांड माजं यकटीचं, गावाची त्वांडं शंभर. उचलली जीब, लावली टाळ्याला.

दिवाळी हून गेल्याली. रविवारचं अर्जुना न्ह्यारी करत बसला हुता, तवर दारात गुंडा आला. ह्यो हिंदुरावाचा गडी. हिंदुराव म्हंजी आमच्या गावचा बडा बागाईतदार. हीर, इंजन, चारी बाजूंनी ऊस. गुंड्याच्या खांद्यावर चऱ्हाट हुतं. ते त्यानं आमच्या अंगनात टाकलं.

"मालकांचा बैल मेला," म्हनला. "कवळ्या जुंधळ्याचं ईख लागलं, पोट फुगून गेला. गोठ्यात पडलाय. मालकांनी सांगितलंय, अर्जुना आला आसंल तर वडून न्यावा."

"कुनी?"

"अर्जुनानं. त्यो करतोच की फुकट. किडं काडा न्हाईतर कातडं काडा, यकच न्हवं?"

जाळल्यालं चऱ्हाट परत दारात! आता यक अर्जुनानं वडलं, की उद्या गाव वस्तीतल्या दुसऱ्याच्या दारात टाकनार, परवा तिसऱ्याच्या. म्हननार, एम्मेस्सी झाल्याला वडतो, तुमाला काय हुतंय? ज्येच्यापायी आमी गू खाल्लं न्हाई एवडंच, बाकी समदं सोसलं, ते यका सकाळी मातीत जानार.

आन माज्या लेकानं काय करावं? ताट सारून भाईर आला, डोळं आसं लकाकल्यालं. "आख्खा बैल हाय का गुंडामामा? कातडं फाटलंय का कुठं?" आन मला म्हनतो, "आई, म्या नेऊन टाकतो की. कातडं वाळलं की नर घावंलच." आन चऱ्हाटाकडं वाकला!

दिली यक थोबाडात ठिवून. गुंड्यादेकत. जलमल्यापासनं पोराला बोट लावलं न्हवतं मी.

"हात लावलास त्याला, तर ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठिवायचा न्हाई," म्हनलं. "तू आन तुजा किडा, दोगं जावा माळावर. आन चऱ्हाटाचंच न्हवं. आजपासनं मढ्याला हातच लावायचा न्हाई."

गुंडा गपकन सटकला. अर्जुना गाल धरून हुबा. मग म्हनला, "नर न्हाई घावला तर लोक म्हननार, ह्यो जुनाच हाय, नुसतं केस झडल्यात."

"म्हनू देत."

"आपल्याला बी तेच म्हंत्यात, आई. नाव बदललं, मानसं जुनीच."

खोटं न्हवतं ते. पर मन काय वळलं न्हाई. "शबुद दे," म्हनलं. त्यानं दिला. रडवेल्या त्वांडानं, पर दिला.

मी चऱ्हाटाला हात लावला न्हाई. काठीच्या टोकावर उचललं आन सरळ हिंदुरावाच्या दारात. लोक बघत हुती, बघू देत. हिंदुराव सोप्यात बसल्याला. गोठ्यातनं वास सुटाया लागला हुता.

"बायडाबाई, काठीवर धरून आनलंस? हात लावाया लाज वाटती व्हय आता?"

"लाज न्हाई, किळस येती. तुमाला यिती तेवडीच." आन चऱ्हाट पायरीवर टाकलं.

"मग तुज्या पोराला कशी यीना?"

"त्यो तुमचं ढोर बघत न्हाई, किडा बघतो. त्यानं लिवल्यालं इलायतंला जातं. ज्यो किडा धरतो त्येचं नाव किड्याच्या चिठ्ठीवर लागतं, आन नवा आसला तर किड्यालाच त्येचं नाव देत्यात. दुनिया हाय तवर ऱ्हातं."

ह्ये मला अर्जुनानंच कवातरी सांगितल्यालं. रागाच्या भरात त्वांडातनं गेलं. पर नाव म्हनल्याबरुबर हिंदुरावाचं कान टवकारलं. ह्या मानसाला नावाचं लय याड! देवळाच्या पायरीवर नाव, धरमशाळंच्या पंख्यावर नाव. तमाशाला बक्षीस दिलं तरी पुकारा झाल्याबिगार उठायचा न्हाई.

म्हनलं, चला, खाज हाय तर खाजवू. "माजा पोरगा आता मढ्याला शिवत न्हाई. बैल तुमचा, किडा तुमच्या बैलाचा. वडा तुमी, धरा तुमी, आन लावा जगात नाव." आन पाठ फिरवून आले.

बैल गोठ्यातच फुगत ऱ्हायला. हिंदुरावाची भावकी मोठी, पर यकाची कंबार धरली, यकाला ताप आला, यक जन मिरजंला डाक्टरकडं पळाला. गुंडा म्हनला, "मी सांगावा सांगनारा, वडनारा न्हवं," आन भैनीकडं कोयनंला निगून गेला. जित्ती बैलं मेल्याल्याच्या वासानं फुरफुरायची, जू घीनात. शेवटी हिंदुराव आन त्येचं दोन ल्योक, त्वांडाला फडकी बांदून, वडत वडत, वाटंवर वकत माळाला गेलं. आमी कोन बघाया गेलो न्हाई. वाऱ्यानं समदं घरपोच केलं.

संक्रात जवळ आली तवा हिंदुरावानं अर्जुनाला फाट्यावर गाठलं. "ते नावाचं खरं हाय का रं?" अर्जुनाला खोटं बोलाया येत न्हाई. म्हनला, "खरं हाय दादा. पर नर घावला तर."

म्होरल्या रविवारी दुपारच्याला माळाच्या बांधावर ही गर्दी! मी बी गेले. का न जावं? चऱ्हाट जाळलं तवा वरीसभर धान्याबिगार ठिवल्यालं मला त्या मानसानं.

बैलाचं नुसतं घर ऱ्हायल्यालं, वर कडक कातडं आन आत फासळ्या. अर्जुना वाऱ्याच्या अंगाला, लांब बांधावर, हात पाठीमागं बांदून हुबा. शबुदाला जागला माजा ल्योक. हिंदुरावानं नाकाला पटका गुंडाळला, गुडघं टेकलं आन कातड्याची कड वर उचलली. आतनं भुस्सा पडला, केसं पडली, पांढऱ्या आळ्या वळवळत पडल्या. मागनं समद्या गावानं "आय्यायायाया" केलं.

"ह्यात कुठं किडा हाय? नुसती ढेकळं हाईत," हिंदुराव वरडला.

"तीच ती, दादा. सोंग घेतल्यात. दम धरा."

हिंदुरावानं यक ढेकूळ उचललं, तर ते तळहातावर चिरचिरलं. त्यानं किंकाळी फोडून फेकलं. पोरंटोरं खदाखदा हसली. त्यानं चिमटा काडला.

"चिमट्यानं नगा," अर्जुनानं हाळी दिली, "पाय मोडत्यात. बोटानं धरा, हळू."

मग त्यो बोटानं धराया लागला. बैलाच्या पोटात खांद्यापतुर हात घालून यक यक काडायचा, बाटलीत टाकायचा. घाम नाकावरनं कातड्यावर ठिबकत हुता.

मला वाटलं हुतं, पोट धरून हसीन. कैक वरसं ह्याच दिसाची वाट बघितली आसती म्या, ठावं आसतं तर. पर वाकल्याली पाठ दिसली, आन मढ्यावर वाकल्याली पाठ कुनाची का आसंना, यकच दिसती. बांधाआड गेले आन भडाभडा वकले. मला हिंदुरावाची किळस आली, त्या हसनाऱ्या गावाची आली, आन जराशी माजी बी आली.

नर घावलं, चांगलं बाटलीभर. अर्जुना सांगलीला घिऊन गेला आन त्याच्या म्होरल्या रविवारी नाचतच आला. भाऊबंदांचं ते इंद्रिय सरळ काडीवानी, ह्येचं कोयत्यावानी वळल्यालं. साहेबांनी सोता भिंगातनं बघून मान डोलवली. आता कुनाचा बा जुना किडा म्हनू शकनार न्हाई. नाव बी ठरलं म्हनला, म्होरं लांबलचक इंग्रजी-लॅटिन कायतरी, आन शेपटाला हिंदुरावाचं.

"त्येचं का रं?" म्हनलं. "धरला त्यानं, पर जीव जाळला तू."

"दादांस्नी नावाचा शबुद तूच दिल्यालास, आई."

जा म्हनलं, किडाच हाय, लागू दे त्येचं नाव. म्हनलं खरं, पर त्या रातचं जेवान गोड लागलं न्हाई.

त्याच आठवड्यात, अर्जुना सांगलीला आसताना, हिंदुराव आमच्या दारात आला. यकटा, पायी. उभ्या जलमात त्येचं पाऊल वस्तीला लागलं न्हवतं. वाटलं, नावाचं इचाराया आला.

"लागलं तुमचं नाव," म्हनलं. "इलायतंला जानार."

त्येचं ध्यान न्हवतं. दोनी हात आंगापासनं लांब धरल्यालं, दुसऱ्याचं आसल्यावानी. कातडी घासून घासून लाल झाल्याली.

"बायडाबाई," आवाज उतरल्याला. "ह्यो वास जाईना गं. राख लावली, चिच्च लावली, लिंबं चोळली. घास त्वांडाजवळ आला की मळमळतंय. परवा पाव्हन्यांच्या पंगतीत माज्या दोनी अंगांची पानं रिकामी ऱ्हायली. सख्खा भाऊ उठून लांब जाऊन बसला."

मी उंबऱ्यातच हुबी. त्येचं हात माज्याम्होरं, हातभर अंतरावर. मी नाक लावून बघितलं न्हाई, पर खरं सांगते, मला कसलाच वास येत न्हवता. साबनाचा तेवडा येत हुता.

"तुमी लोक काय लावत हुता?" त्यो म्हनला. "कशानं जातो ह्यो?"

"जात न्हाई," मी म्हनलं.